सुईवरचा बाळंतविडा

बाळंतविडा वेळेत पुरा झाला असं सांगणारी बाई शिकागोत मला अजून भेटायची आहे. झबली होतात, टोपडी होतात, दुपट्याची किनार शिवून होते. स्वेटरची एक बाही तेवढी सुईवर राहते आणि तोवर बाळ घरी येतं. बाही उतरते तेव्हा बाळाचा हात तिच्यात मावत नाही. मग तो स्वेटर दुसऱ्या कुणाच्या बाळासाठी बाजूला पडतो, आणि त्या बाळासाठी हौसेने भलतंच काहीतरी नवं घातलं जातं. आपल्या मंडळातल्या बायकांच्या कपाटांत अशी किती अर्धी कामं आहेत, याची मोजदाद कुणी करू नये. नवऱ्यांनी तर मुळीच करू नये.

खरं म्हणजे विणकाम मूळचं आपलं नव्हे. गोधडी आपली, खणाची कुंची आपली. दोन सुयांवरची लोकर मिशनरी बायकांच्या आणि मुलींच्या शाळांच्या मार्गाने आपल्याकडे आली. पुण्यामुंबईच्या थंडीला अर्ध्या बाह्यांचा स्वेटर पुरतो, तरी आपल्या आया-मावश्यांनी लुधियानाच्या लोकरीच्या लडीच्या लडी संपवल्या. दोन्ही हात पसरून लड धरून बसायची शिक्षा आमच्या पिढीने भरपूर भोगली आहे. 1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडली, मराठी घरं इकडे येऊ लागली, आणि सामानातून सुयाही आल्या. थंड मुलखातून गरम मुलखात गेलेली ही कला अशी पुन्हा थंडीत आली. 30 जानेवारी 2019 ला शिकागोचा पारा उणे 30 अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. त्या दिवशी कानटोपीला कुणी हौस म्हणालं नसेल.

घरात बाळ यायचं म्हटलं की भारतातून आजी येते. तिला इथे राहायला बहुधा सहा महिने मिळतात, आणि तिचा पहिला खटका उडतो तो सुयांच्या नंबरावरून. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत: नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलट. आपली दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, इथली दहा नंबरची सहा मिलिमीटरची. ‘दहा नंबरच्या आण गं,’ असं आजी सांगते, लेक इमानदारीत दुकानातून दहा नंबरच्या आणते आणि झबल्याचं मासे धरायचं जाळं होतं. क्रोशातही तीच गत. आपण ज्याला खांब म्हणतो तो ब्रिटिश पुस्तकात ट्रेबल असतो आणि अमेरिकन पुस्तकात डबल. यावर आपल्या बायकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. पुस्तक मिटायचं, आजीच्या वहीतलं ‘दोन सुलट, दोन उलट, मग साबुदाणा’ वाचायचं आणि सुई मिलिमीटरमध्ये मोजायची.

आजी आली की एका वेळी चार गोष्टी सुरू करते. सकाळी उजेडात जाळीची नक्षी, दुपारी बाळ निजलं की मोजे, संध्याकाळी मालिका बघताना न पाहता जमणारं सगळं सुलट. हा धांदरटपणा नव्हे. ज्या वेळेला जेवढं डोकं शिल्लक असतं, त्या वेळेला तेवढं काम. सहा महिने संपतात, विमान ठरतं आणि चारांतल्या दोन गोष्टी सुईवरच राहतात. त्या पुऱ्या करायच्या लेकीने. तिथे गंमत होते, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. आजीचा घट्ट, लेकीचा सैल; जिथे हात बदलला तिथे वीण एकदम मोकळी पडते आणि लांबूनही दिसते. लेक एक नंबर बारीक सुई घेते, तरी थोडं दिसतंच. असा एक पांढरा स्वेटर मी पाहिला आहे. छातीपर्यंत साताऱ्याचा हात, वर नेपरव्हिलचा. सगळ्या बाळंतविड्यात मला तो उजवा वाटला. आयत्या स्वेटरवरून काही शिकता येत नाही. सुईवरच्या अर्ध्या स्वेटरवर टाके कसे घेतले, कुठे कमी केले, गळा कुठून काढायचा ठरवला होता, हे सगळं उघडं असतं. आजीने पुरा करून दिला असता तर लेक विणायला बसलीच नसती.

इथल्या बालरोगतज्ज्ञांनी बाळंतविडा बराच बदलला आहे, आणि माझ्या मते ते बरंच झालं. वर्षाच्या आतलं बाळ निजलं असताना पाळण्यात सैल पांघरूण नको, घरात निजताना डोक्यावर टोपी नको. गळ्याशी बांधायच्या नाड्या तर नकोतच. गाडीतल्या खुर्चीच्या पट्ट्यांखाली जाड कोट चालत नाही. पातळ कपडे घालून पट्टे आवळायचे आणि पांघरूण वरून घालायचं. हे ऐकून आज्या आधी रुसतात. मग गोधडी जमिनीवर येते, बाळाला पालथं घालायला. कुंची बारशाच्या फोटोपुरती उरते आणि तिच्या नाडीच्या जागी बटण लागतं. स्वेटर पुढून उघडा आणि पातळ विणतात. दोन रंगांच्या मोज्यांत आतून लोंबणारे धागे बाळाच्या बोटांत अडकतात, म्हणून नक्षी फक्त टोपीवर. लोकरसुद्धा बदलली. शुद्ध लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, ते गरम पाण्यात घुसळले की एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर येतो. बाळाच्या आईकडे हाताने धुवायला वेळ नसतो. त्यामुळे हे खवले काढलेली किंवा झाकलेली, यंत्रात धुता येणारी मेरिनो लोकर आता सर्रास घेतात. भारतातून येणारी ॲक्रिलिकही तग धरून आहे, आणि तिला नाक मुरडणाऱ्यांनी आधी चार बाळांचे कपडे धुऊन पाहावेत.

शेजारच्या विस्कॉन्सिनचं आपल्यावर एक मोठं ऋण आहे. एलिझाबेथ झिमरमन 1910 मध्ये इंग्लंडात जन्मल्या आणि विस्कॉन्सिनमध्ये राहून त्यांनी अमेरिकेला डोकं वापरून विणायला शिकवलं. 1968 साली त्यांनी बाळाचं एक जाकीट रचलं. सगळं सुलट, सगळं एकाच तुकड्यात. विणून झाल्यावर हातात येतो तो एक वेडावाकडा तुकडा, ज्याचं काय करायचं ते कळत नाही. त्याच्या दोन घड्या घालायच्या, वरून दोन छोट्या शिवणी मारायच्या, की जाकीट तयार. आपल्या बायकांत ते इतकं चालतं याचं कारण उघड आहे: त्यात मागे राहायला वेगळी बाहीच नाही. आता बटणं लावायची राहतात.

बोरन्हाणाचं प्रकरण सगळ्यांत अवघड. संक्रांत म्हणजे काळा कपडा, आणि जानेवारीतल्या शिकागोत काळं सुती झबलं घालून बाळाला बसवता येत नाही. म्हणून काळ्या लोकरीचा स्वेटर. काळ्या लोकरीत दिव्याच्या उजेडात टाका दिसत नाही. निसटलेला टाका चार ओळींनंतर कळतो आणि उसवावं लागतं. डिसेंबरात दिवस साडेचारला मावळतो. एवढं असूनही दर वर्षी संक्रांतीच्या समारंभात दोन-तीन बाळं काळ्या स्वेटरवर हलव्याचे दागिने घालून बसतात आणि दागिने चोखतात. त्या स्वेटरांच्या आतली टोकं शिवलेली नसतात, हे फक्त विणणाऱ्यांना माहीत असतं. बाळाच्या अंगाला लागत नाहीत तोवर हरकतही नाही.

आपल्या हस्तकला प्रदर्शनात दर वेळी रुखवताचं टेबल असतं, इस्त्री केलेलं, नीटनेटकं. यंदा शेजारी दुसरं टेबल मांडावं अशी माझी समितीला विनंती आहे. त्यावर फक्त अर्धी कामं ठेवायची: जोडीदार नसलेला मोजा, पाठ झालेला आणि पुढा नसलेला स्वेटर, आजीने सोडून गेलेली जाळी. जिला पुढचं येतं तिने बसून चार ओळी पुढे न्याव्यात, जिला येत नाही तिने शेजारी बसून बघावं. सुया ज्याच्या त्याने आणाव्यात. नंबर मात्र मिलिमीटरमध्येच सांगावा.