वडगांवचा विजयस्तंभ आणि वाटेवरचीं स्मारकें

मुंबईहून जुन्या रस्त्यानें पुण्याकडे येणाऱ्या वाटसरूस मावळांतील वडगांव येथें एक विजयस्तंभ व महादजी शिंदे यांचा पुतळा दृष्टीस पडतो. शके १७०० विलंबी संवत्सरीं पौष मासीं, म्हणजे इसवी सन १७७९ च्या जानेवारींत, मराठ्यांनीं इंग्रजांस याच गांवीं तह करावयास भाग पाडिलें. त्याचें हें स्मारक होय. तें उभारणारांचा हेतु स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु वाटेवरचें स्मारक हाहि एक प्रकारचा लेखच आहे, आणि लेख म्हटला कीं त्याची परीक्षा करणें क्रमप्राप्त होतें.

प्रथम प्रसंग पाहूं. रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं निघालेली मुंबईकर इंग्रजांची सुमारें ३९०० ची फौज घाट चढून ९ जानेवारीस तळेगांवीं पोंचली. पुढें दाणा-वैरण मिळेना, सभोंवार मराठी फौजा. ११ तारखेच्या रात्रीं अवजड तोफा तळ्यांत लोटून इंग्रज माघारीं फिरले व वडगांवीं कोंडले गेले. मग तह झाला. सन १७७३ पासून मिळविलेला मुलूख साष्टीसह परत द्यावा, बंगाल्याहून येणारी फौज थांबवावी, हीं त्यांतील मुख्य कलमें. फार्मर व लेफ्टनंट चार्लस स्टुअर्ट हे दोघे ओलीस राहिले.

आतां आमचे आक्षेप. एकच पुतळा उभा केल्यानें एकाच पुरुषानें लढाई जिंकली असा समज होतो. महादजींचें श्रेय थोर आहे, व तहाचें बोलणें त्यांच्याच द्वारें झालें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तुकोजी होळकर, हरिपंत फडके व भिवराव पानसे हेहि मोहिमेंत होते, आणि मागून नाना फडणिसांची योजना होती. याहून मोठी उणीव तळेगांवची. शत्रूस आसरा व धान्य मिळूं नये म्हणून तें गांव आपल्याच लोकांनीं जाळलें. ज्यांचीं घरें गेलीं त्या रयतेचाहि या जयांत वांटा आहे. पण त्यांस स्तंभ कोण उभारणार?

दुसरी गोष्ट परिणामाची. हा तह कलकत्तेकरांनीं मानला नाहीं. रघुनाथराव त्याच वर्षीं निसटून सुरतेस गॉडर्डपाशीं गेले. १७८० सालीं अहमदाबाद, ग्वाल्हेरचा किल्ला व वसई हीं इंग्रजांनीं घेतलीं. आणि १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला तेव्हां साष्टी इंग्रजांकडेच राहिली. रणांत मिळविलें तें कागदांत टिकलें नाहीं, हा वडगांवचा खरा धडा. नुसत्या विजयस्तंभाकडे पाहून वाटसरू तो शिकत नाहीं.

तिसरी गोष्ट लोकस्मृतीची. ४ जानेवारीस कार्ल्यास पडलेला कॅप्टन स्टुअर्ट हा शत्रु खरा. पण मराठ्यांनीं त्याच्या शौर्यावर लुब्ध होऊन त्यास 'इष्टुर फाकडा' केलें. हें नांव ग्रँट डफनेंहि नोंदिलें आहे. त्याचें म्हणून दाखविलें जाणारें थडगें वडगांवींच आहे, व त्याला लोक नवस बोलतात. शत्रूच्याहि पराक्रमास मान देणारी ही स्मृति विजयस्तंभाइतकीच मावळची आहे. मात्र मृत्यूचें स्थळ कार्ले व थडग्याचें स्थळ वडगांव, तसेंच पडलेला स्टुअर्ट निराळा व ओलीस राहिलेला निराळा, हे भेद जागेवर लिहिलेले नसले तर दोन पिढ्यांत गोष्टींची खिचडी होते. मग तीच स्थानिक परंपरा म्हणून आम्हां संशोधकांपुढें येते!

आमचे पूर्वज शिला कोरीत तेव्हां शक, संवत्सर, मास, राजाचें व अधिकाऱ्याचें नांव, दिलेली वस्तु, हें सर्व नोंदीत. आणि दान मोडणारास शाप म्हणून खालीं गाढवाचें चित्र काढीत. लेखाचा काळ वादग्रस्त असला तरी वाद घालावयास अक्षरें तरी शिल्लक राहतात. आजच्या फलकास शापाची गरज नाहीं, पण ती शिस्त हवी. आमची सूचना इतकीच कीं, प्रत्येक स्मारकापाशीं तीन भागांचा लेख असावा: कागदपत्रांनीं सिद्ध असलेली हकीकत तिथीसह, तिला आधार काय, आणि लोक काय सांगतात, तें 'लोक सांगतात' असें म्हणूनच.

आणि हें काम मूर्तिकाराचें नव्हे, आमच्या वाचकांचें आहे. मावळांतील जुन्या दप्तरांत तळेगांवच्या जळिताविषयीं एखादी यादी, कुळांस दिलेल्या सुटीचा एखादा कागद असेल तर तो पाहून प्रसिद्ध करावा. स्तंभ उभा आहेच. त्याच्या पायथ्याशीं खरा मजकूर कोरावयाचा राहिला आहे.