खांडेकर उरले, फडके रद्दीत का गेले?

दांडिया बाजारातल्या एका मराठी घरातली पुस्तकं रद्दीत जाणार होती, म्हणून बघायला गेलो. दोन पेट्या ना. सी. फडके, एक पेटी ग. त्र्यं. माडखोलकर. वि. स. खांडेकर मात्र नातेवाइकांनी आधीच मागून नेले होते. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे.

1934 साली बडोद्यात ना. गो. चापेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं. 'जादूगार' आणि 'दौलत' लिहून फडके तेव्हा गाजत होते, तर खांडेकर शिरोड्यात मास्तर होते. दोघंही कोल्हापुरात राहिले. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद या दोघांच्या नावांनीच ओळखला गेला. संमेलनाध्यक्षपदही लागोपाठ मिळालं. फडक्यांना 1940 मध्ये रत्नागिरीला, खांडेकरांना 1941 मध्ये सोलापूरला.

रचनेत फडके सरस, हे मी आजही म्हणेन. प्रसंगाला प्रसंग कसा जोडायचा ते त्यांना नेमकं कळत होतं. खांडेकरांची भाषा अलंकारांनी जड होते. 'ययाति'त कच उपदेश करू लागला की मी सरळ पानं उलटतो.

मग टिकले खांडेकर, ते का? ज्ञानपीठामुळे, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. पण 'ययाति' आली 1959 मध्ये आणि ज्ञानपीठ मिळालं 1974 चं. मधली पंधरा वर्षं वाचक काही पुरस्काराची वाट बघत बसला नव्हता. माझ्या मते खरं कारण दुसरं आहे. फडक्यांचा नायक त्याच्या काळाचे कपडे घालून येतो. कॉलेज, फिरायला जाणं, प्रेमाची ती विशिष्ट लाडीक बोली, सगळं त्या काळाचं. काळ गेला, तसं ते जुनं झालं. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. भोगाची हाव कुठल्याच काळात जुनी होत नाही, आणि महाभारत सगळ्यांच्या घरचं.

शिवाय ही कथा भाषा बदलली तरी उभी राहते. गोपाळराव विद्वांसांनी खांडेकर गुजरातीत नेले, ते तिकडच्या वाचकाला आपलेच वाटले. माझी पुतणी मराठी बोलते पण वाचत नाही. तिने 'ययाति' गुजरातीत वाचली आणि मला विचारलं, "काका, हे मूळ मराठीतलं ना?" आनंद झाला, पण पोटात कालवलंही. बडोद्यात मराठी कादंबरी टिकली, ती अशी.

पण इतिहास धुंडाळणाऱ्याला फडके जास्त कामाचे. 1930 च्या सुमाराचं मध्यमवर्गीय मराठी घर कसं बोलायचं, हे मला 'ययाति'त सापडणार नाही. ज्या गुणामुळे फडके मागे पडले, त्याच गुणामुळे आपल्याला ते हवेत.

तिन्ही पेट्या घरी आणल्यात. तुमच्या माळ्यावर अशा पेट्या असतील, तर रद्दीवाल्याच्या आधी मंडळाला कळवा.