सापळा नेमका कोणत्या प्लॉटचा?

हरभऱ्यातल्या एकात्मिक कीड व्यवस्थापनावरचे पेपर वाचायला घेतलेत? मग निष्कर्षाकडे पळू नका, आधी प्लॉटचा आकार शोधा. ‘साहित्य व पद्धती’मध्ये एखाद्या ओळीत असतो.

या प्रयोगांचा साचा ठरलेला. एका प्लॉटमध्ये मॉड्यूल, म्हणजे कामगंध सापळे, पक्षीथांबे, 5 टक्के निंबोळी अर्क आणि घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही). दुसऱ्यात फक्त रासायनिक फवारणी. तिसऱ्यात काहीच नाही, तो कंट्रोल. आता हे प्लॉट 5 बाय 4 मीटरचे असतील, तर सापळा नक्की कुणाचा? गंधाने कंट्रोलवरचे नरही येणार. थांब्यावरचा कोतवाल पक्षी अळी दिसेल तिकडे झेप घेणार, तो काही प्लॉटची पाटी वाचत नाही. थोडक्यात, कंट्रोल कंट्रोल राहतच नाही.

शिवाय सापळ्यात अडकतात ते फक्त नर. मिलन झालेली मादी बाहेरून उडत येते आणि अंडी घालून जाते. म्हणून हेक्टरी 5 सापळे लावायचे ते पतंग कधी वाढले हे कळायला. तरीही काही पेपरांत अळ्या कमी झाल्याचं श्रेय सरळ सापळ्याला दिलेलं असतं!

निरीक्षणाचे दिवसही तपासा. रासायनिक औषधाने अळी लवकर मरते, विषाणूने मरायला काही दिवस लागतात, मोठी अळी तर आणखी टिकते. तिसऱ्या दिवशीच्या मोजणीवरून विषाणूला नापास करणं हा अन्याय आहे. फवारणी सायंकाळी केली का, हेही लिहिलेलं हवं, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो.

आणि आर्थिक नुकसान पातळी? स्टर्न आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये मांडलेली ही कल्पना या सगळ्याचा कणा आहे. हरभऱ्यात साधारण मीटरभर ओळीत 1-2 अळ्या दिसल्या की फवारा. मॉड्यूलमध्ये मात्र ‘50 टक्के फुलोऱ्यात पहिली फवारणी’ असं छापलेलं असेल, तर अळ्या मोजल्या कशाला? नफा-खर्चाच्या तक्त्यात त्या मोजणीची मजुरी धरली आहे का, तेही बघा. शेतकऱ्याला ती द्यावीच लागते.

पूर्ण पॅकेज चालतं का, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्यासाठी एकमेकांपासून लांबची, अख्खी शेतं हवीत. तेवढी जमीन मिळत नसेल तर सापळे आणि थांबे तुलनेतून काढा. अर्क आणि विषाणूची तुलना, मध्ये रिकाम्या ओळी सोडल्या तर, लहान प्लॉटमध्येही नीट होते.