व्यापारातून बदल झाला, पण कोणात?

आजचा विषय युरोपच्या आर्थिक धोरणाचा आहे आणि त्याची सुरुवात मी एका जर्मन शब्दप्रयोगापासून करतो. 'वांडेल दुर्ख हांडेल', म्हणजे व्यापारातून बदल. रशियाकडून गॅस घेत राहू, पैसे मोजत राहू, या देवघेवीतून रशिया हळूहळू निवळेल, अशी ही समजूत. 2022 नंतर तिला नावं ठेवणं फार सोपं झालंय. माझा आक्षेप मात्र थोडा वेगळा आहे. रशियाशी व्यापार केला यात चूक नव्हती. जे धोरण राजकारण म्हणून सुरू झालं, ते पुढे निव्वळ खरेदी म्हणून चालवलं गेलं. चूक तिथे झाली.

जरा मागे जाऊ. फेब्रुवारी 1970, एसेन शहर. पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. जर्मन कारखान्यांनी मोठ्या व्यासाचे पोलादी पाइप द्यायचे, जर्मन बँकांनी त्यासाठी कर्ज द्यायचं आणि सोव्हिएत संघाने ते गॅस विकून फेडायचं. 1973 मध्ये गॅस येऊ लागला. पण लक्षात घ्या, त्याच 1970 सालच्या ऑगस्टमध्ये विली ब्रांट यांनी मॉस्को करारावर सही केली आणि युद्धोत्तर सीमांना हात लावणार नाही हे मान्य केलं. शिवाय नाटोचं सैन्य जर्मन भूमीवर उभंच होतं. म्हणजे गॅस हा एका मोठ्या मांडणीचा एक भाग होता. त्या मांडणीत वाटाघाटी होत्या आणि संरक्षणही होतं.

1982 मध्ये रेगन यांनी सायबेरियाच्या नव्या पाइपलाइनला अडवायला युरोपीय कंपन्यांवरच निर्बंध लादले. तेव्हा खुद्द थॅचरबाईंनी विरोध केला, आणि नोव्हेंबरमध्ये रेगन यांना ते मागे घ्यावे लागले. युरोपचं म्हणणं होतं की मॉस्कोला आमच्या चलनाची तितकीच गरज आहे. त्या काळापुरतं ते खरंही ठरलं.

मग बिघडलं कुठे? जानेवारी 2006 आणि पुन्हा जानेवारी 2009 मध्ये रशिया-युक्रेन भांडणात गॅस अडला. 2009 साली तर बल्गेरिया, स्लोव्हाकिया ऐन थंडीत गारठले. यातून बर्लिनने धडा कोणता घेतला? पुरवठादार वाढवा, हा नाही. युक्रेनला वगळून जाणारा रस्ता काढा, हा! बाल्टिक समुद्राखालून जाणारी नॉर्ड स्ट्रीम 2011 मध्ये सुरू झाली, वर्षाला 55 अब्ज घनमीटर क्षमतेची.

2014 मध्ये क्रिमिया गेला. युरोपने निर्बंध घातले. आणि 2015 मध्ये काय झालं बघा. दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीमचा करार झाला. त्याच वर्षी रेहडेन इथला, पश्चिम युरोपातला सर्वांत मोठा भूमिगत गॅससाठा, गॅझप्रॉमच्या मालकीत गेला. एका हाताने निर्बंध आणि दुसऱ्या हाताने कोठाराची किल्ली! पोलंड आणि बाल्टिक देश ओरडत होते, पण हा केवळ व्यापारी प्रकल्प आहे, असं मर्केल सरकार वर्षानुवर्षं सांगत राहिलं. माझी खरी टीका या 'केवळ' शब्दावर आहे. 2021 च्या शरदात हेच रेहडेन जवळजवळ रिकामं होतं.

आता कोणी म्हणेल, स्वस्त गॅसवर जर्मनीचे रसायन कारखाने उभे राहिले, लोकांना रोजगार मिळाला, ते विसरता का? नाही विसरत. पण अवलंबित्व टक्केवारीत मोजून भागत नाही. तुटल्यावर जास्त दिवस कोण तग धरू शकतो, हे बघावं लागतं. रशियाला तेलातून गॅसपेक्षा जास्त पैसा मिळत होता. जर्मनीकडे फेब्रुवारी 2022 मध्ये द्रवरूप गॅस उतरवून घेणारं स्वतःचं एकही टर्मिनल नव्हतं. नंतर विल्हेल्म्सहाफेनचं टर्मिनल त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झालं. जे दहा महिन्यांत होतं, ते आधीच्या पंधरा वर्षांत जमलं नाही, म्हणजे कुणाला ते करायचंच नव्हतं.

आणि याची किंमत कोणी मोजली? ऑगस्ट 2022 मध्ये युरोपात गॅसचा भाव मेगावॅट-तासाला 300 युरोंच्या वर गेला. जर्मनीने 200 अब्ज युरोंची ढाल जाहीर केली. श्रीमंत देशाला ते परवडतं. पण युरोप पडेल त्या भावाने गॅस उचलू लागल्यावर पाकिस्तानच्या निविदेला कोणी बोली लावेना, बांगलादेशात वीज जाऊ लागली. आपल्यालाही झळ बसली. गॅझप्रॉमची जर्मनीतली उपकंपनी जर्मन सरकारने ताब्यात घेतली. तिच्या सिंगापूर शाखेकडून गेलला दीर्घ मुदतीच्या कराराने गॅस मिळायचा, त्या खेपा येईनाशा झाल्या. इथल्या ग्राहकांच्या पुरवठ्यात कपात करावी लागली. पाइपलाइनच्या त्या राजकारणात यांपैकी कोणालाही कुणी विचारलं नव्हतं.

आज युरोपच्या द्रवरूप गॅसचा सर्वांत मोठा पुरवठादार अमेरिका आहे. वॉशिंग्टन म्हणजे मॉस्को नव्हे, हे कबूल. पण तिथलं सरकारही बदलतं आणि धोरणही बदलतं. तेव्हा 2015 मध्ये जो प्रश्न टाळला, तो ब्रसेल्सला आता विचारावाच लागेल. उद्या हाही नळ कोणी आवळला, तर आपण किती दिवस काढू? आणि तेलासाठी 2022 नंतर रशियाकडे वळलेल्या आपल्या देशालाही तो लागू आहे. त्यावर प्रश्नोत्तरांत बोलू.