सभामंडपातील ग्रीक खांब

देवालयाच्या सभामंडपाचा जीर्णोद्धार निघाला की काँक्रीटच्या खांबांस ग्रीक वेष चढविण्याची हौस अलीकडे दिसू लागली आहे. अंगावर उभ्या पन्हळी, माथ्यावर प्लॅस्टरच्या पानांचा गुच्छ आणि त्यावर सोनेरी रंग! हे खांब परदेशी आहेत म्हणून आमची तक्रार नाही; कलेत असले सोवळे आम्ही मानीत नाही. ते अस्थानी आहेत, एवढेच आमचे म्हणणे.

ग्रीक स्तंभांच्या मुख्य धाटणी तीन. डोरिक स्तंभास तळखडा नसतो. तो चौथऱ्यावर थेट उभा राहतो, मध्ये किंचित फुगीर, वर निमुळता. आयोनिक सडपातळ, त्याच्या शीर्षास दोहों बाजूंस वेटोळी. कोरिंथियनच्या माथ्यावर अकँथस वनस्पतीची पाने. या पानांची कथा रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने दिली आहे. एका अकाली वारलेल्या मुलीच्या थडग्यावर दाईने तिच्या आवडत्या वस्तूंची टोपली ठेविली व वर कौल झाकले. वसंतात मुळातून पाने फुटून ती टोपलीस बिलगली, आणि कॅलिमाकस नामक शिल्पकाराने तेच रूप दगडात उतरविले. ज्या पानांखाली आपण आज मुंजी-लग्ने लावतो, त्यांचा उगम हा असा!

परंतु खरा मुद्दा उजेडाचा आहे. अथेन्सचे पार्थेनॉन (इ. स. पू. ४४७–४३२) पाहावे. मूर्ती आत, यज्ञवेदी बाहेर, जनसमुदायही बाहेर. म्हणून स्तंभांची मुख्य रांग इमारतीच्या बाहेरून फिरते. पन्हळी आहेत त्या उन्हासाठी. सूर्य सरकतो तशी त्यांतील सावली सरकते आणि जड दगड हलका भासतो. मुंबईच्या १८३३ सालच्या टाउन हॉलचे डोरिक स्तंभ शोभतात ते याच कारणाने. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेच्या अठराव्या शतकातील देवळानेही युरोपीय वळणाचे अर्धस्तंभ घेतले, पण बाहेरच्या भिंतींवर!

आमच्या देशपांडे नगरातून धारवाडच्या रस्त्याने निघाले की उणकल लागते. तेथील चंद्रमौळेश्वराचे देऊळ कल्याणी चालुक्यांच्या काळचे. त्या काळच्या कारागिरांनी मऊ जातीचा दगड निवडून खांब कातावर फिरवावे तसे घडविले: खाली चौरस, वर घंटेचा आकार, मग कड्यांमागून कडी. उन्हाशी या खांबांचे नाते नाही. मंडपातील मंद प्रकाशात, समईच्या ज्योतीत त्या गुळगुळीत कड्यांवर उजेडाची एकेक रेघ उमटते. दर्शनास आलेला माणूस त्यास पाठ टेकून बसतो, लहान मुले त्याभोवती फिरतात. हा आतला खांब आहे, जवळून पाहण्याचा व हाताने चाचपण्याचा.

तेव्हा ट्यूबलाइटखाली पन्हळी सपाट दिसतात आणि पानांत धूळ व उदबत्तीची काजळी साठते, यात नवल ते काय! काँक्रीटचा खांब साधा गोल ठेवून नीट घोटला तरी तो मंडपास अधिक शोभेल, आणि खर्चही कमी येईल. जुने दगडी खांब शाबूत असतील तेथे मात्र ते काढू नयेत. जीर्णोद्धार समितीने नकाशावर सही करण्यापूर्वी एकदा संध्याकाळी, दिवे लागल्यावर, उणकलला जाऊन यावे.