हाडामांसाचा देव : १८५५ची एक पुस्तिका आणि आपला मुलूख

१८५५ साली मुंबईत एक पुस्तिका छापली गेली. तिच्या नावाचा मराठी अर्थ असा : हिंदुस्थानातील मराठ्यांस उद्देशून, खऱ्या आणि जिवंत देवाविषयी व त्याच्या धर्माविषयी निबंध. लेखक ह्यू फिंडले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी लिहिताना आपण फादर स्टीफन्सपासून सुरुवात करतो, बाबा पदमनजींवर थांबतो, रेव्हरंड टिळकांपाशी रेंगाळतो. फिंडले या वाटेवर सहसा भेटत नाही. तो मॉर्मन होता, हे त्याचे एक कारण असावे. १८५२ मध्ये तो मुंबईला उतरला आणि पुण्यात त्याने एक छोटी मंडळीही स्थापन केली. पण त्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या पंथाने बहुपत्नीत्वाची प्रथा उघडपणे जाहीर केली आणि त्या बातमीने इथल्या कामाची वाट लागली. हाती लागले ते मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन. ज्या मराठ्यांसाठी पुस्तिका होती, ते जवळजवळ नाहीतच.

मला त्या शीर्षकातले ‘खरा’ आणि ‘जिवंत’ हे दोन शब्द महत्त्वाचे वाटतात. असे शीर्षक मूर्तिपूजकांसाठी आहे, असे वरवर वाटते. पण फिंडलेच्या पंथाच्या दृष्टीने खोटा देव फक्त देवळात नव्हता, तो इतर मिशनऱ्यांच्या चर्चमध्येही होता.

त्याच वर्षांत नागपुरात स्टीफन हिस्लॉप काम करत होता. तोही फिंडलेसारखाच स्कॉटलंडचा. १८४४ मध्ये तो हिंदुस्थानात आला. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेला, तेव्हा तो इकडे रुळलेला होता. दोघांच्या हाती तेच बायबल, तोंडी तेच शब्द : पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मात्र हिस्लॉपच्या प्रेस्बिटेरियन मताप्रमाणे देव म्हणजे शुद्ध आत्मा. त्याला शरीर नाही, अवयव नाहीत, विकार नाहीत, बदल नाही. तो एकच आहे आणि त्या एका सत्त्वात तीन व्यक्ती आहेत. ही मांडणी इ. स. ३२५च्या निकेया परिषदेपासून घडत आली. रोमन कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट इतर शंभर गोष्टींवर भांडले, पण या गोष्टीवर नाही.

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने नेमके इथेच बोट ठेवले. १८४३ मध्ये त्याने शिकवले की पित्याला माणसासारखेच स्पर्श करता येईल असे हाडामांसाचे शरीर आहे, पुत्रालाही आहे. पवित्र आत्मा तेवढा अशरीरी आहे. हे तिघे एका सत्त्वाचे नव्हेत. ते तीन वेगळे पुरुष असून त्यांची एकता उद्देशाची आहे. पुढच्या वर्षी, खून होण्याच्या दोनअडीच महिने आधी, एका अंत्यविधीच्या प्रवचनात तो आणखी पुढे गेला : देव एकेकाळी माणूस होता, आणि माणूस देवत्वाला पोहोचू शकतो. जग शून्यातून निर्माण झाले नाही. द्रव्य अनादी आहे, देवाने त्याला व्यवस्था दिली. माणसाच्या आत्म्याचा गाभाही कोणी निर्माण केलेला नाही. पंथात पुढे स्वर्गीय मातेची कल्पनाही रुजली, जरी तिच्याविषयी फार बोलले जात नाही.

मराठी वाचकाला हे वाचताच हात आपोआप ओळखीच्या जोडीकडे जातो : एक निर्गुण, दुसरा सगुण. काही व्याख्यानांत मी ही तुलना ऐकलीही आहे. ती आकर्षक आहे आणि चुकीची आहे. निकेयाचा देव निर्गुण नाही. तो न्यायी आहे, प्रेम करतो, रागावतो, वचन देतो. त्याला देह नाही इतकेच. आणि वारकऱ्याचा सगुण विठ्ठल म्हणजे निराकारानेच भक्तासाठी घेतलेले रूप. स्मिथच्या पित्याने रूप ‘घेतलेले’ नाही. त्याच्या देहामागे दुसरे कोणतेही निराकार तत्त्व उभे नाही. विटेवरच्या रूपाच्या पाठीमागे आपल्याकडे परब्रह्म असते, तिथे पाठीमागे काहीच नाही.

जवळचे नाते शोधायचेच तर ते न्याय-वैशेषिकांत सापडेल. तिथेही परमाणू नित्य, आत्मे नित्य, ईश्वर कुंभारासारखा निमित्तकारण. आणि गंमत अशी की याच मताची ख्रिस्ती बाजूने झडती घेणारा माणूस आपलाच होता : नीळकंठशास्त्री, म्हणजे नेहेमिया गोरे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिले. परमाणू आणि आत्मे ईश्वराने निर्माण केले नसतील तर तो सर्वसमर्थ कसा, असा गोऱ्यांच्या आक्षेपाचा रोख. हा आक्षेप मॉर्मन मताला शब्दही न बदलता लागू पडतो. पण आक्षेप लागू पडणे आणि मत कोसळणे यांत फरक आहे. शून्यातून सगळे निर्माण करणाऱ्या देवाला दुःखाचा जाब द्यावा लागतो. अनादी द्रव्याशी झगडणाऱ्या देवाला तो थोडा कमी द्यावा लागतो. गोऱ्यांनी ही बाजू हलकी लेखली असे मला वाटते.

त्रैक्य मराठी माणसाच्या गळी उतरणे किती कठीण होते, याचा पुरावा पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही तीन व्यक्ती, एक सत्त्व हे सूत्र केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा वाद या दृष्टीने पुन्हा वाचायला हवा. रमाबाई मॉर्मन मताच्या जवळपासही नव्हत्या. पण बायबल हाती असलेला स्वतंत्र वाचक निकेयाला आपोआप पोहोचतोच असे नाही, हे त्यांच्या पत्रांतून स्पष्ट दिसते.

२००१ मध्ये व्हॅटिकनने निर्णय दिला की मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही. शब्द तेच उच्चारले जातात, पाणी तेच असते. पण पिता, पुत्र, पवित्र आत्मा या शब्दांचा अर्थ मुळातच वेगळा आहे, असे कारण. मॉर्मन लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि या निर्णयाने ते दुखावले जाणे स्वाभाविक आहे. तरी मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. नाव एक म्हणून देव एक, असे त्याने म्हटले नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत नेमके उलटे घडत आले. हिस्लॉपने परधानांकडून लिंगोची गाथा गोंडीत टिपून घेतली. १८६३ मध्ये तो ओढ्यात बुडून वारला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. त्या गाथेत गोंडांना गुहेत कोंडणारा महादेव आहे, त्यांना सोडवणारा लिंगो आहे, आणि गोत्रांची वाटणी करून पेरसा पेनाची पूजा लावून देणाराही लिंगोच. असे असूनही पेरसा पेन, बडा देव म्हणजे महादेवच, हे समीकरण शाळेच्या फळ्यापासून जनगणनेच्या रकान्यापर्यंत सहज लिहिले जाते. ज्याने कोंडले त्याचेच नाव, ज्याची पूजा सुटकेनंतर लागली त्याला. फिंडलेच्या देवाला निकेयाचा देव म्हणण्याइतकेच हे ढोबळ आहे. फरक इतकाच की मॉर्मनांना बाहेर काढले गेले आणि गोंडांना न विचारता आत घेतले गेले.

पेन शरीरी की अशरीरी, हा प्रश्नही इथे बसत नाही. तो लोखंडी भाल्याच्या पात्यात असतो, घरात न ठेवता झाडावर ठेवला जातो, आणि विधी झाल्यावर मेलेले पूर्वजही पेनांत जाऊन मिळतात. माणूस पुढे देवांत जातो, एवढ्यापुरता स्मिथ इथे ओळखीचा वाटेल. पण स्मिथच्या मताचा कणा देवाचे शरीर. इथे कणा कुळाचा आहे. धानोऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या भुमकाला मी एकदा विचारले होते, तुमचा पेन दिसतो कसा? त्याने प्रश्न बाजूला सारला आणि मलाच विचारले, “तुम्ही किती देवांचे?” चार, पाच, सहा की सात, हे कळल्याशिवाय सोयरीक जुळत नाही, सारख्याच देवसंख्येची माणसे भाऊ लागतात.