फुरफुराल-संशोधन आणि उत्पन्नाची कसोटी

वनस्पतिज द्रव्यांपासून उत्प्रेरणाने मौलिक रसायने मिळविण्याच्या प्रयत्नांत फुरफुरालचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. डोबेरायनरने १८३२ मध्ये या द्रव्याची नोंद केली. १९२२ मध्ये क्वेकर ओट्स कंपनीने अमेरिकेतील सीडर रॅपिड्स येथे ओटच्या टरफलांवर सौम्य गंधकाम्लाची क्रिया घडवून त्याचे औद्योगिक उत्पादन आरंभिले. आज घन उत्प्रेरकांवर विपुल निबंध प्रसिद्ध होत असले, तरी अनेक कारखान्यांचे साधन खनिज आम्ल हेच राहिले आहे. या विसंगतीची मीमांसा होणे अगत्याचे आहे.

तिचे एक कारण निबंधांच्या मांडणीतच सापडते. पुष्कळ प्रयोग शुद्ध झायलोजच्या विरल द्रावावर केलेले असतात. झायलोजच्या एका रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात. त्यामुळे १५० भार झायलोजपासून फार तर ९६ भार फुरफुराल मिळते. विरल द्रावात या मर्यादेकडे जाणे त्यामानाने सुलभ असते. कारण फुरफुराल आणि शर्करा यांच्या संयोगाने राळ बनण्याची क्रिया संहतीबरोबर वाढत जाते.

उसाच्या चिपाडाची गोष्ट निराळी. कोरड्या चिपाडात पेंटोसान सुमारे एक चतुर्थांश असते. त्यापासून शंभर किलोमागे सिद्धांतानेही सुमारे १८ किलोच फुरफुराल संभवते, आणि रूढ कारखानी पद्धतीत त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागते. शिवाय घन उत्प्रेरकाचा घन चिपाडाशी पुरेसा स्पर्श होत नाही, राखेतील पोटॅशियम व कॅल्शियमचे आयन त्याची आम्लस्थाने व्यापतात आणि राळ त्याची छिद्रे बुजविते. चिपाडास 'टाकाऊ' म्हणणेही यथार्थ नव्हे. महाराष्ट्रातील साखर कारखाने ते जाळून वाफ व वीज निर्माण करतात. हे इंधनमूल्य हिशेबात न धरता काढलेला नफा फसवा होय.

शुद्ध शर्करेवरील प्रयोग निरर्थक आहेत, असा याचा अर्थ नव्हे; क्रियेची यंत्रणा त्यांच्यावाचून उलगडत नाही. परंतु अशा प्रयोगातील ८० टक्के उत्पन्न हा उत्प्रेरकाच्या गुणाचा पुरावा आहे, प्रक्रियेच्या यशाचा नव्हे. ड्यू पाँट कंपनी एके काळी फुरफुरालपासून नायलॉनचा मध्यस्थ पदार्थ बनवीत असे. १९६१ मध्ये तो मार्ग सोडला गेला, तो रसायन चुकले म्हणून नव्हे, तर ब्युटाडाईनचा मार्ग स्वस्त पडला म्हणून.

म्हणून प्रत्येक निबंधाने निदान तीन आकडे द्यावयास हवेत: प्रत्यक्ष चिपाडावरील उत्पन्न, अनेक आवर्तनांनंतर उरलेली उत्प्रेरकाची क्रियाशीलता आणि अंतिम द्रावातील फुरफुरालची संहती. त्यांच्या अभावी टक्केवारी कितीही मोठी असली, तरी ती प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर पडत नाही.